बोरीची बोट

जुन्या फिल्मची किंमत विचारायला येणारा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. त्याच्या डोक्यात बंगला आधीच बांधून झालेला असतो. "म्याडम, आमच्या आजोबांची हाय, लय जुनी," असं म्हणत तो पिशवीतून डबा काढतो, आणि डब्यात असतं कुणाच्या तरी बारशाचं चित्रण, नाहीतर एखाद्या विलायती विनोदी सिनेमाचं अर्धं रीळ, ज्याच्या प्रती जगात ढिगानं पडल्या आहेत. जुनं म्हणजे मोलाचं, हे आपल्या लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. जुनी तर माझी स्कूटरही आहे.

मी परभणीत कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. घरच्या घरी भिंतीवर दाखवायच्या जुन्या, बारीक पट्टीच्या फिल्म जमवण्याचा नाद मला वडिलांकडून लागला. आमचे वडील, सुगत मास्तर, हैदराबादच्या जुन्या बाजारातून अशी रिळं आणायचे आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची. आता पुण्या-हैदराबादचे शौकीन एखादं रीळ विकत घेण्याआधी मला फोन करतात, कारण मी कुणाचं मन राखत नाही. वास घेते, रंग बघते, कडेची भोकं तपासते, डबा उलटापालटा करून पाहते आणि काय असेल ते सांगते. शून्य असेल तर शून्य. पाठीमागे मला 'शून्यवाली बाई' म्हणतात हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

आमच्या प्रयोगशाळेत परमेश्वर नावाचे सहायक आहेत, बोरी गावचे. अतिशय अबोल माणूस. एके दिवशी परीक्षानळ्या धुता धुता ते एकदम म्हणाले, "म्याडम, आमच्या घरी आफत झालीय."

आफत अशी होती. परमेश्वरच्या वडिलांकडे, म्हणजे चंद्रभानमामांकडे, एक लोखंडी पेटी होती. पेटीत एक प्रोजेक्टर आणि मुक्या सिनेमांची काही रिळं. तरुणपणी मामा सरकीच्या ट्रकबरोबर हैदराबादला जायचे, तेव्हा तिथं एका निवृत्त साहेबाच्या सामानाचा लिलाव चालला होता, त्यात त्यांनी ही पेटी उचलली. तेव्हापासून गावात लग्न असो, बारसं असो, गणपती असो, रात्री चंद्रभानचा खेळ ठरलेला. टीव्ही आला, मोबाइल आला, तरी गल्ली अधूनमधून त्यांना खेळ लावायला भाग पाडायचीच.

पण परवा स्टँडवरच्या हॉटेलात मामांचे जिवलग दोस्त दिनकरराव सगळ्यांसमोर म्हणाले, की त्या पेटीत भंगाराशिवाय काही नाही. मामांना झोंबलं. ते म्हणाले, माझ्या पोराच्या कॉलेजात याच्यातली जाणकार बाई आहे, तिला आणतो, तीच किंमत सांगेल. दिनकररावांनी विचारलं, आणि काहीच किंमत नाही म्हणाली तर? मामा तावातावानं बोलून गेले, "तर पेटी माझ्या हातानं भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवीन."

"आन् आता जीव खालीवर व्हायलाय त्यायचा," परमेश्वर म्हणाले. "जेवनात ध्यान न्हाई. पेटी उघडतेत, लावतेत, परत उघडतेत. माय म्हनली, म्याडमला सांग, जरा सांभाळून बोला म्हनावं."

"मी सांभाळून बोलत नसते, परमेश्वर."

"त्येच सांगितलं मी तिला," असं म्हणून त्यांनी पुढची नळी उचलली.

रविवारी दुपारी मी जिंतूरच्या एसटीनं बोरीला उतरले. मामांच्या अंगणात सतरंज्या अंथरलेल्या, अर्धी गल्ली आधीच जमलेली, आणि दारात भंगारवाल्याचा हातगाडा उभा. भंगारवाला स्वतः ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होता.

"ह्याला कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"म्या," एक उंच, वाळके गृहस्थ म्हणाले. "उगं मागून धावाधाव नको." हेच दिनकरराव. तरुणपणी काही वर्षं अरबांच्या मुलखात काम करून आलेले. तिथलं जाडजूड घड्याळ अजूनही त्यांच्या मनगटावर बांगडीसारखं वरखाली होत होतं.

चंद्रभानमामा मात्र बुटके, गोल चेहऱ्याचे. डोक्याला नवा पटका बांधला होता. त्यांनी पेटी माझ्यापुढं अशी ठेवली, जसं कुणी तापानं फणफणलेलं लेकरू डॉक्टरपुढं ठेवतं. मला माणसं अशी हवालदिल झालेली बघवत नाहीत. राग येतो. मी मान खाली घालून कामाला लागले.

आधी नाक. ही फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, आणि तो एकदा सुटला की उपाय नसतो. मी डबा उघडला, तर आत कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास. आंबूसपणाचा मागमूस नाही.

"ज्वारीच्या कोठीत ठेवते मी," बायनाबाई, म्हणजे मामी, दारातून म्हणाल्या. "लिंबाचा पाला घालून. भुंगा लागत न्हाई."

"फिल्मला भुंगा लागतच नाही, मामी."

"मंग? लागला का?"

कोरड्या कोठीनं फिल्म वाचवली होती, एवढं मी मनात मान्य केलं. पण पुढं सगळा आनंदच होता. जमवणाऱ्यांना मूळ खोकं लागतं, कोरं करकरीत. इथं प्रत्येक खोक्यावर हळदीकुंकवाचे थर होते, वरचं चित्र दिसेनासं झालेलं. एका खोक्यावर तर अक्षताही चिकटल्या होत्या.

"हे काय केलंय?"

"आवजारं न्हाईत का ती?" मामी म्हणाल्या. "खंडेनवमीला इळा-कुऱ्हाडीला कुंकू लावायचं आन् ह्यायलाच तेवढं न्हाई?"

रंगीत रिळांमधला निळा रंग उडून समुद्रसुद्धा लाल झाला होता. अंगभर ओरखडे. जागोजागी तुटलेली पट्टी साध्या चिकटपट्टीनं जोडलेली, तीही तिरकी. माझ्या मनात शून्य केव्हाच गोल झालं होतं. तरी भिंग काढून कडेची भोकं बघितली, आणि थबकले.

प्रोजेक्टरमध्ये एक बारीक आकडा असतो. तो भोकात अडकून फिल्म एकेक चित्र पुढं ओढतो, त्यामुळं भोकाची एक ठरावीक कड झिजते. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक रिळात तीच कड झिजलेली होती. इथं ती कड शाबूत होती आणि समोरची झिजली होती. एका रिळात नाही, सगळ्याच रिळांत. असं मी कधी पाहिलं नव्हतं. कुतूहलापुढं माझं काही चालत नाही.

"मामा, किंमत खेळ बघून सांगते," मी म्हणाले.

मामांचा चेहरा असा खुलला, की मला माझाच राग आला. निकाल तर ठरलेलाच होता.

दिवेलागणीला समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला. मामांनी मघापासून हातानं फिरवून प्रत्येक रीळ शेवटापर्यंत नेऊन ठेवलं होतं, ते का हे मला कळेना. मग मशीन घरघरलं, चित्र हललं, आणि मला सगळं कळलं.

ते सिनेमा उलटे चालवत होते. शेवटाकडून सुरुवातीकडं. मशीनवर पुढं-मागं करायचा एक खटका असतो, तो 'मागं'वर होता आणि त्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. आणि मामा भिंतीशेजारी उभे राहून खड्या आवाजात गोष्ट सांगत होते.

भिंतीवर एका साहेबाच्या मेजवानीत मारामारी चालली होती. खरं म्हणजे पाहुणे एकमेकांच्या तोंडावर केक फेकत होते, पण उलटं चालल्यामुळं एका जाड्या माणसाच्या तोंडावरचा केक उडून समोरच्याच्या हातात जात होता.

"हे जावाईबापू!" मामा म्हणाले. "पह्यल्या सणाला सासरवाडीला आलेत. सासू म्हनती जेवा. जावाई काय म्हनतो?"

"सोन्याची अंगठी द्या, मंग जेवतो!" अख्खी गल्ली ओरडली.

"आन् घास?"

"परत!"

प्रत्येक केक तोंडावरून उडाला की गल्ली 'परत' म्हणून ओरडत होती. सगळे केक ताटात गेले, कपडे स्वच्छ झाले, जावई टोपी घालून पाठमोरा चालत दाराबाहेर निघून गेला. "रुसला!" बायका म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या शेजारचा भंगारवाला मांडीवर थापा मारत होता.

दुसऱ्या रिळात सुरुंगानं पाडलेली एक उंच इमारत. मातीच्या ढगातून विटा उठल्या, एकमेकींवर बसल्या आणि डोळ्यांदेखत चार मजली घर उभं राहिलं. "गवंडी न्हाई, मजूर न्हाई, सिमेट न्हाई!" मामा म्हणाले. "घरकुल मंजूर झालं की असं व्हाया पायजे!" यावर माजी सरपंचांनीही हसून घेतलं.

मीही हसत होते, खोटं कशाला बोलू. पण मी शिक्षिका आहे. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. फळ्यावरचं समीकरण चुकलेलं असलं तर दुसऱ्याच्या वर्गात घुसून मी ते नीट केलेलं आहे. मला वाटलं, बिचाऱ्यांचा खटका कधीतरी अडकला असेल, इथं दुरुस्त करणारं कुणी नसेल, आणि इतकी वर्षं अख्खं गाव उलटं बघत बसलं आहे. तेवढ्यात तिसरं रीळ लागलं. लाल समुद्रातून एक मोठी बोट पाठीमागून धक्क्याकडं सरकत येत होती. धक्क्यावर माणसांची गर्दी रुमाल हलवत होती.

"बोट यायली, बोट यायली," मामांचा आवाज हळू झाला. "कापसाचा ट्रक जिनिंगात रिवास घेतो ना, तशी यायली. ज्याचं त्याचं मानूस घरला यायलंय." गल्ली पुढं सरकून बसली.

बोट धक्क्याला लागत आलेली. मी हात पुढं केला, तार उलगडली आणि खटका दाबला.

बोट थांबली, जरा थरथरली आणि धक्का सोडून निघाली.

"आरं! आरं! बोट चालली!" कुणीतरी ओरडलं. "उलटं झालं! मशीन बिघडली! म्याडमनं काहीतरी केलं!" सगळे उठून उभे राहिले. बोट लहान होत होती. मी म्हणणारच होते, की अहो, हेच सरळ आहे, तेवढ्यात माझी नजर मामांकडं गेली. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी पुढं होऊन मशीनच बंद केलं.

"म्याडम, जरा आत या," मामी म्हणाल्या, आणि माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

आत त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. "तुमाला कळलं ना?"

"ते उलटं चालवतात."

"मला बी ठावं हाय, त्यायला बी ठावं हाय. बाकी कुनाला न्हाई." मामींनी दाराकडं पाहून आवाज बारीक केला. "पह्यला खेळ घरातल्या घरात, सरळच लावला होता त्यायनं. तवा दिनकरभावजी नुकतेच मुंबईहून बोटीनं तिकडं गेले होते. त्यायची माय, केशरबाई, बघायला आली. बोट निघताना बघितली आन् असा हंबरडा फोडला म्हाताऱ्या बाईनं, खेळ बंद करावा लागला. म्हनू लागली, माझा दिनकर गेला, आता काही येत न्हाई. ह्यायला काही सुचंना. मशीनीचा खटका दिसला, दाबला. बोट मागं आली. हे म्हनाले, 'रडू नको माय, ती बघ आली.' तवा कुठं बाई गप बसली. मंग तार बांधली ती बांधली."

"आणि बाकीचे सिनेमे?"

"तार कोन सोडतंय घडीघडी?" मामी म्हणाल्या. "मंग ह्यायनं समद्यालाच गोष्टी लावल्या. केशरबाई दर खेळाला पुढं येऊन बसायची. तिची नजर कमजोर. कठड्याला एक टोपीवाला हाय, त्यालाच म्हनायची, त्यो माझा दिनकर. भावजी खरंच परत आले तवा म्हनली, त्यात काय नवल, मी तर कवाच बघितलं होतं."

मी तांब्या खाली ठेवला. केशरबाई वारल्याला आता कैक वर्षं झाली, असंही मामी म्हणाल्या. मी विचारलं, मग नंतर तार का नाही सोडली?

"सरळ बघून काय मिळायलंय, म्याडम? समदं पडायलंय, फुटायलंय, न्हाईतर चाललंय."

आम्ही बाहेर आलो तेव्हा अंगणातले दिवे लागले होते. मामा पेटीजवळ ताठ उभे होते. "खेळ ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आधी किंमत सांगा, म्याडम. जे असंल ते."

दोन शब्द इकडचे तिकडे केले असते तर काय बिघडलं असतं? पण सवय वाईट असते. शिवाय त्यांनी सरळ विचारलं होतं, आणि सरळ विचारणाऱ्या माणसाला थाप मारणं मला जमत नाही. मी मान खाली घालून म्हणाले, "जमवणाऱ्यांच्या बाजारात याला काही किंमत नाही, मामा. रंग गेला, ओरखडे पडले, खोकी गेली. शून्य." आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मला कडू लागला. कुणाचं मन न राखणं म्हणजे शहाणपण, असं समजत आले होते मी.

मामांनी पटका नीट केला, वाकून पेटी उचलली आणि गाड्याकडं चालू लागले. परमेश्वर मदतीला धावले, तर त्यांना कोपरानंच बाजूला सारलं. भंगारवाला ओट्यावरून उठला आणि कुठं बघावं ते न कळून रिकाम्या बशीत बघू लागला.

"थांब रे चंद्रभान!" दिनकरराव लांब टांगा टाकत आले आणि गाड्यापुढं आडवे उभे राहिले. "कुनाच्या सांगन्यावरून पेटी द्यायलास? हिच्या?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं. घड्याळ कोपरापर्यंत घसरलं. "हिला मशीन चालवता येत न्हाई! समद्यायनं बघितलं की! धक्क्याला लागलेली बोट हिनं माघारी धाडली!"

"खरंय," गल्ली म्हणाली.

"जिला आगं-मागं कळत न्हाई, ती किंमत करनार?"

"बराबर हाय!"

"म्याडम, राग मानू नका," दिनकरराव माझ्याकडं वळून समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुमी केमिष्ट्री शिकवा. शिनेमा तुमचं काम न्हाई."

माझा चाळीसेक वर्षांचा अभ्यास, वडिलांचा नाद, पुण्या-हैदराबादचे फोन, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. एक वाक्य पुरलं असतं. मामी दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. मामा पेटी छातीशी धरून माझ्याकडं बघत होते.

"चुकलंच माझं," मी म्हणाले. "असल्या मशीनची मला माहिती नाही. उलटं लावलं मी. माझा निकाल धरू नका."

"बघा!" दिनकरराव म्हणाले. "मानूस चांगलं हाय, कबूल केलं." मग भंगारवाल्याला म्हणाले, "काय रे, तू अजून हितंच? जा की घरी."

"बोट ऱ्हायली ना बघायची," भंगारवाला म्हणाला आणि पुन्हा ओट्यावर बसला.

मामांनी पेटी खाली ठेवली. पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, अंगणातले दिवे मालवायला लावले आणि मशीन लावलं. रीळ मशीनवरच होतं; बोट अजून तिथंच, भर समुद्रात थांबली होती. "दाबा आता तुमीच," ते मला म्हणाले. मी खटका 'मागं'वर ओढला. बोट थरथरली आणि परत फिरली. धक्क्यावरचे रुमाल हलायला लागले. मामांचा आवाज पुन्हा खडा झाला.

"बोट यायली, बोट यायली! ज्याचं त्याचं मानूस घरला यायलंय!"

दिनकरराव माझ्या शेजारी येऊन बसले. बोट जवळ आली तसं त्यांनी माझ्या कोपराला हळूच डिवचलं. "त्यो बघा, कठड्याला टोपीवाला. आमची माय म्हनायची, त्यो मीच हाय." भिंतीवर त्या लाल, ओरखड्यांनी भरलेल्या उजेडात टोपीवाला माणूस हात हलवत होता. चेहरा कुणाचाही असू शकला असता. दिनकरराव त्याच्याकडं टक लावून बघत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"मघाशी मला परत धाडलं होतं की तुमी, म्याडम," ते म्हणाले.

बोट धक्क्याला लागली. मी जमिनीवर पडलेली तांब्याची तार शोधली आणि खटक्याला गुंडाळायला लागले.

"अजून दोन येढे घाला," चंद्रभानमामा म्हणाले.

मी चार घातले.